इस्त्रीच्या दुकानातली पुस्तकपेटी

मित्रांनो, मोठ्या ग्रंथालयाच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला, दोरीच्या पलीकडे, एक जुनी लाकडी पेटी उभी दिसते. ती मी. बहुतेक लोक माझ्याकडे एक नजर टाकतात आणि पुढे जातात. त्यांचं काही चुकत नाही. पुढे संगणक आहेत, मुलांसाठी बुटक्या खुर्च्या आहेत, माणूस जवळ आला की आपोआप सरकणारं काचेचं दार आहे. पेटीकडे बघत कोण उभं राहणार? पण तुम्ही थांबलाच आहात, तर माझी हकिगत ऐकूनच जा.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. शाळेतली मोडकी बाकं विकायला निघाली होती, त्यांच्या फळ्यांतून त्याने मला घडवलं. म्हणजे माझं लाकूड माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. आतल्या एका फळीवर कुणा कंटाळलेल्या मुलाने कर्कटकाने कोरलं होतं, 'सात आठे चोपन्न'. सुताराला ते खटकलं.

"बाई, रंधा मारून काढून टाकू का हे? उत्तरही चुकलंय."

"राहू द्या हो," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आतल्या बाजूला आहे. आणि पुस्तकांना कुठे पाढे येतात?"

या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या काळी जिल्ह्याचं ग्रंथालय म्हणजे धान्याच्या गोदामावरची एक खोली होती. पुस्तकं बरी होती, पण खोलीपर्यंत पोचायचे ते फक्त शहरातले लोक. गावाकडचा माणूस बाजाराला यायचा, पोती उतरवायचा आणि शेवटच्या बसने परत जायचा. जिना चढायला त्याला वेळ नसे. म्हणून मोठ्या बाईंनी आम्हा पेट्यांची युक्ती काढली. आडवी ठेवली की पेटी, उभी करून झाकण उघडलं की कपाट. प्रत्येक गावाला एक पेटी नेमून दिली. पेटी बसच्या टपावरून जाणार, गावातल्या एखाद्या दुकानात राहणार, आणि ठरावीक काळाने पुस्तकं बदलायला परत येणार. सोबत तारखेचा एक शिक्का आणि शाईची डबी. पुस्तक कुणी नेलं की मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख उठवायची. एवढाच नियम.

मला नेमून दिलेलं गाव रस्त्याच्या अगदी शेवटी होतं. तिथे दगडाची खाण होती. घरं, झाडं, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर पांढरट धूळ बसलेली असे. इतक्या धुळीच्या गावात एकच दुकान कायम स्वच्छ होतं, ते इस्त्रीचं. म्हणून बसवाल्याने मला तिथे उतरवलं.

दुकान चालवणाऱ्या बाईंना गाव इस्त्रीकाकू म्हणायचं. उंच, हाडकुळ्या, आणि बोलताना समोरच्याची कॉलर सरळ करायची सवय. बसवाला घाईत होता. इंजिन चालूच होतं.

"काकू, ही पेटी. हा शिक्का, ही शाई. नेलेल्या पुस्तकावर तारीख मारायची. आणि मोठ्या बाईंनी सांगितलंय, पुस्तकं जपा."

"हे मला सांगायला नको," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, पुढे जे घडलं त्याचं मूळ या दोन-चार वाक्यांत आहे. मला ते तेव्हा कळलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी काकूंनी शिक्का वापरून पाहिला. कागद पातळ होता. शाई चिठ्ठीतून झिरपून मागच्या चित्रावर उतरली. चित्रातल्या घोड्याच्या पोटावर निळा डाग पडला. काकू त्या डागाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शाईची डबी घट्ट बंद करून वरच्या फळीवर टाकली. "धुतलेल्या शर्टावर शाई सांडायची आणि वर त्याला नियम म्हणायचं," त्या पुटपुटल्या. त्या दिवसापासून कुणाकडे कोणतं पुस्तक आहे हे त्यांनी डोक्यात ठेवलं. कुणाचा कोणता कपडा हे नाहीतरी त्यांच्या डोक्यातच असायचं. पुस्तकं बदलताना शहरात ती नुसती मोजून घेत, चिठ्ठ्या कुणी बघत नसे.

खाणीचा भोंगा वाजला की माझ्यासमोर गर्दी व्हायची. दुकानाबाहेर पाण्याची बादली आणि साबण. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला स्पर्श नाही. सुरुंग लावणारी, पहाडासारखी माणसं शाळेतल्या पोरांसारखी तळवे पुढे करून उभी राहायची.

"उलटे कर."

"काकू, मागच्या बाजूने कोण वाचतं?"

"नखं बघायचीत मला. जा, परत धू."

काकू स्वतःही वाचायच्या. इस्त्री शेगडीवर ठेवायची आणि ती तापेपर्यंत वाचायचं. तापली की पुस्तक बाजूला, निवली की पुन्हा पुस्तक. असं तुकड्या-तुकड्याने त्यांनी समुद्रावरची पुस्तकं वाचली, ग्रहांवरची वाचली, एक जाडजूड चोरकथाही वाचली. चोरकथेच्या वेळी इस्त्री जरा जास्तच तापायची.

"काकू, माझ्या शर्टाला भोक पडलं तर गोष्ट सांगून भागणार नाही हं," पंपावर काम करणारा एक म्हातारा म्हणायचा.

"शर्टाला नाही पडत. पण चोर कोण ते आत्ताच सांगून तुझ्या गोष्टीला पाडू शकते."

"नको, नको! शर्टच जाळा."

या लोकांची एक खोड होती. वाचता वाचता झोप आली की ते पानाचा कोपरा दुमडत. काकूंना याचा भारी राग. पुस्तक परत आलं की त्या पान न् पान उलटायच्या, ओल्या फडक्याने धूळ टिपायच्या, दुमडलेला कोपरा उलगडायच्या, त्यावर मलमलचा तुकडा ठेवायच्या आणि कोमट इस्त्री फिरवायच्या. कोपरा सपाट. जणू तिथे कुणी थांबलंच नव्हतं.

माझ्या आतला चुकलेला पाढा मात्र त्यांनी कधी घासला नाही. एकदा मला पुसताना त्यावर बोट फिरवून त्या म्हणाल्या, "असू दे बाई. इथे कुणी तरी बसून कंटाळलं होतं, तेवढं तरी कळतं."

ते माझे सर्वांत चांगले दिवस होते. माझ्यातून कांजीचा आणि गरम सुताचा वास येई. हिवाळ्यात शेगडीची ऊब माझ्या पाठीला लागे. माझे खण संध्याकाळी रिकामे व्हायचे आणि मला ते फार आवडायचं, कारण पुस्तकं माझ्यात नाहीत म्हणजे ती कुणाच्या तरी उशाशी आहेत.

दरम्यान शहरात ग्रंथालय वाढत होतं. गोदामावरची खोली सोडून ते स्वतःच्या इमारतीत गेलं. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि एक समिती आली. समितीने ठरवलं की आता पेट्यांवर भागणार नाही, गावांत पक्क्या शाखा हव्यात. खोली, टेबल, दिवा, पगारी माणूस. पण पैसे थोड्याच गावांपुरते होते. मग निवड कशी करायची?

समितीतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी रीत सुचवली, आणि खरं सांगते, रीत वाईट नव्हती. सगळ्या पेट्यांमध्ये सारखीच, कोरी करकरीत पुस्तकं भरायची. सगळ्या एकाच आठवड्यात पाठवायच्या, एकाच आठवड्यात परत आणायच्या. मग उघडून बघायचं, कुठली पुस्तकं किती वाचली गेली. गावाचा मोठेपणा नाही, ओळख नाही, वशिला नाही. पुस्तकंच सांगतील.

खाणीच्या गावात बातमी पोचली. काकूंना वाटलं, शाखा आपलीच. त्या मागच्या खोलीतली रद्दी आणि फुटक्या बादल्या बाहेर काढू लागल्या. भिंतीला चुना दिला. खिडकीला पडदा शिवला आणि त्याला दोन्ही बाजूंनी इस्त्री केली.

"इतकी खात्री, काकू?" पंपवाल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"का नसावी? आपल्याइतकी पुस्तकं जपतं कोण? तिकडे बाजारगावात तर चहाचे कप ठेवतात म्हणे पुस्तकांवर."

"आणि टेबल?"

"इस्त्रीचं जुनं टेबल देईन की. त्यावर बसून तुला झोप मात्र काढू देणार नाही."

ती पुस्तकं, त्यातली एक नवी चोरकथाही, गावाने भुकेल्यासारखी वाचली. एकेक पुस्तक किती हातांतून गेलं ते मी पाहिलं आहे. आणि परत पाठवायचा दिवस जवळ आला तसं काकूंनी दुकानाचं काम बाजूला सारलं. पान न् पान पुसलं. कोपरा न् कोपरा सपाट केला. पुस्तकाच्या पाठीवर वाचून वाचून पडलेल्या सुरकुत्याही दोन जड इस्त्र्यांखाली दाबून घालवल्या. मी बघत होते. मला आतून काही तरी टोचत होतं, पण पेटीला तोंड नसतं, झाकण असतं. तेही दुसऱ्याने उघडायचं.

शहरातल्या लांब टेबलावर आम्हा सगळ्या पेट्यांना रांगेत उघडलं. बाजारगावच्या पुस्तकांवर चहाची वर्तुळं होती, पानांत बसची तिकिटं होती, एका पुस्तकाची पाठ निखळली होती. चिठ्ठ्या तारखांनी भरलेल्या. समितीचे लोक खूश झाले. "हे बघा! याला म्हणतात वाचन!"

मग त्यांनी मला पाहिलं. एकही तारीख नाही. एकही डाग नाही. चष्मेवाल्यांनी एक पुस्तक उघडलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "अजून बांधणीच्या कांजीचा वास येतोय. गठ्ठाही सोडला नाही वाटतं कुणी."

कुणी तरी म्हणालं, "खाणीतली माणसं. दमून येत असतील बिचारी." तेवढ्यावर विषय संपला.

बसवाला मात्र खाणीच्या गावात एकदा परत गेला. मी सोबत नव्हते, मी शहरातच राहिले होते. तो काकूंकडे राहिलेला शिक्का आणि शाईची डबी घ्यायला गेला. काकू काय म्हणाल्या ते त्याने परतल्यावर शिपायाला माझ्यासमोर सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे.

"विचारत होत्या, पेटी कधी येणार? मी म्हटलं, येणार नाही. मग म्हणाल्या, म्हणजे शाखाच येणार! मी म्हटलं, शाखा बाजारगावात. तुमच्याकडे वाचक कमी पडले."

"मग? भांडल्या?"

"नाही ना. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हातातली इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, असतील बाबा त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त. आणि माझी कॉलर सरळ केली."

मला कुलूप लावून तळघरात ठेवलं. ती शेवटची पुस्तकं माझ्या पोटातच राहिली.

मित्रांनो, तळघरातल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. माझ्याबरोबरच्या पेट्यांपैकी एकीची शेल्फं झाली, एक वाळवीने खाल्ली, बाकीच्या कुठे गेल्या कळलं नाही. मी एकटी उरले. ग्रंथालय कसं वाढतंय ते मला छतावरून ऐकू यायचं. आधी नव्या कपाटांचा खडखडाट. मग अंगणात एका मोटारीचा भोंगा, ती फिरत्या ग्रंथालयाची गाडी होती. मग मुलांची धावाधाव, टेलिफोनची घंटा, आणि शेवटी बोटांची ती हलकी टकटक, जी पावसासारखी वाटते पण पाऊस नसते. गावोगावी शाखा निघाल्या. शिपाई एकमेकांना त्यांची नावं सांगायचे. मी दर वेळी कान देऊन ऐकायची. खाणीच्या गावाचं नाव कधी आलं नाही.

एकटेपणा म्हणजे कुणी जवळ नसणं, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक असणं आणि ती सांगता न येणं, हा खरा एकटेपणा. हळूहळू माझ्यातला कांजीचा वासही उडून गेला.

मग ग्रंथालयाच्या वाढदिवसाचं वर्ष आलं. जुन्या वस्तू मांडायच्या ठरल्या. हल्लीचे ग्रंथपाल तरुण आहेत, शर्टाच्या बाह्या नेहमी दुमडलेल्या. त्यांनी माझं गंजलेलं कुलूप तोडलं, मला पुसलं आणि दारापाशी उभं केलं. पोटातली पुस्तकं तशीच मांडली. समोर दोरी लावली. लोक आले, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. तळघरात मी अंधारात एकटी होते, इथे उजेडात.

एका दुपारी एक म्हातारी बाई आत आल्या. सोबत त्यांची भाची. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आल्या होत्या.

"मावशी, ये ना आत. नंबर लागायला वेळ आहे, इथे पंखा तरी आहे."

"अगं, पण आपण कुठे सभासद आहोत इथले?"

"पंख्याला सभासद लागत नाहीत."

म्हातारी उंच होती, हाडकुळी, पाठीत वाकलेली. ती माझ्यासमोर थांबली. दोरीखालून वाकून आत आली. माझ्या आतल्या फळीवर बोट फिरवून तिने तो चुकीचा पाढा शोधला. मग एका पुस्तकाचा कोपरा, जो मांडताना कुणाकडून तरी मुडपला होता, तो अंगठ्याच्या नखाने सरळ केला.

माझे सगळे सांधे करकरले. कुणाला ऐकू गेलं नाही.

"आजी, हात नका लावू, जुनं आहे ते," ग्रंथपाल जवळ आले.

"माहितीये. ही आमच्या दुकानात असायची." त्यांनी माझ्याकडे बघतच विचारलं, "एक विचारू? आमच्या गावाला शाखा का नाही मिळाली?"

"कोणतं गाव?" त्यांनी सांगितलं. ग्रंथपालांनी जुना इतिहास वाचला होता. जरा संकोचून म्हणाले, "तिथे वाचन होत नव्हतं, आजी. पुस्तकं कोरीच्या कोरी परत आली होती. हीच ती. बघा ना, अजून नवी आहेत."

"कोरी?" काकू गर्रकन वळल्या. "कोरी नाही हो. मी इस्त्री करायची!"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पुस्तकांना! जपा म्हणाले होते ना!"

भाची हसायला लागली आणि मावशीचा चेहरा बघून थांबली. ग्रंथपाल हसले नाहीत. त्यांनी एक पुस्तक घेतलं, उघडलं. पान सपाट, स्वच्छ. काकू हताश होऊन म्हणाल्या, "आता कसं दाखवू? मीच सगळं पुसून टाकलंय."

ग्रंथपालांनी पानाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्याचा दिवा लावला आणि तो पानावर वरून न धरता अगदी कडेला, पानाला समांतर धरला.

मित्रांनो, कागद म्हणजे बारीक तंतूंचा थर. तो दुमडला की घडीवरचे तंतू मोडतात. मग इस्त्रीने पान कितीही सपाट करा, मोडलेला तंतू पुन्हा सांधत नाही. वरून उजेड पडला तर काही दिसत नाही. तिरपा पडला तर घडीची सावली पडते.

कोपऱ्यात एक रेघ दिसली. तिच्या आत दुसरी, जरा तिरकी. पुढच्या पानावर आणखी. ग्रंथपाल पानं उलटत गेले. कुणी इथे थांबलं होतं, कुणी चार पानं पुढे, कुणी एकाच रात्रीत बरंच वाचून शेवटाजवळ. दुसरं पुस्तक, तिसरं पुस्तक. अख्खं गाव त्या कोपऱ्यांत झोपी गेलं होतं आणि इतकी वर्षं माझ्या पोटात होतं.

काकूंनी एका रेघेवर बोट ठेवलं. "हा पंपवाला. चोर कोण ते कळायच्या आधी रोज झोपायचा." त्या बोलल्या आणि मग त्यांचे डोळे भरले. "गेला तो. त्याला वाटायचं, आपण कमी पडलो."

ग्रंथपालांनी मोबाइलचा दिवा बंद केला. मग म्हणाले, "आजी, फिरती गाडी आहे आमची. बुधवारी पाठवतो."

"आता खाण बंद झालीय. आम्ही चार म्हातारे उरलोय."

"मी किती जण आहेत असं विचारलंच नाही."

"बरं," काकूंनी पदराने डोळे पुसले आणि ग्रंथपालांची दुमडलेली बाही सरळ करायला हात पुढे केला. "गाडीत इस्त्री मात्र ठेवू नका."

निघताना ग्रंथपालांनी चोरकथेचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. टेबलावरून एक जुना तारखेचा शिक्काही आणला. काकूंनी तो हातात घेतला, शाईकडे पाहिलं, जरा थांबल्या. मग चिठ्ठीवर जोरात दाबला. तारीख मागच्या पानावर उतरली.

मित्रांनो, पुस्तकं जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. हात धुवा, कोपरे दुमडू नका. पण वाचलंत की कुणाला तरी सांगा. तारीख उठवा, मित्राला दाखवा, जेवताना आईला गोष्ट ऐकवा. आणि एखादी वस्तू अगदी स्वच्छ, कोरी दिसली, तर ती कुणी वापरलीच नसेल असं ठरवून टाकण्याआधी तिच्याकडे एकदा कडेने बघा.

मी अजून इथेच उभी आहे, दोरीच्या पलीकडे. गाडी बुधवारी जाते, मला घेऊन जात नाही. तरी आता माझ्या मधल्या खणात एका पुस्तकाची जागा रिकामी असते. पाहुणे विचारतात, इथलं एक हरवलं का?

ग्रंथपाल मान वर न करता सांगतात, "नाही. ते वाचायला नेलंय."